सासऱ्यांच्या मानेतली शर्यत

आमच्या खोऱ्यात सुनेनं सासऱ्यांच्या घोड्याचा लगाम धरायचा तो त्यांना सन्मानानं उतरवून घेण्यासाठी. घोडा अडवण्यासाठी नव्हे. कुमुशायनं भर समारंभात सासऱ्यांचा घोडा अडवला त्याला आता काही उन्हाळे होऊन गेले, तरी कुठल्याही लग्नकार्यात कुणी ना कुणी बोरसोकचा, म्हणजे तळलेल्या पिठाच्या तुकड्याचा, घास तोंडात ठेवूनच मला विचारतं, "मुगालिम एजे, ती तुमचीच ना विद्यार्थिनी? शाळेतही अशीच होती का?" मुगालिम म्हणजे शिक्षक आणि एजे म्हणजे थोरली बहीण. निवृत्त झाले तरी आमच्याकडे हे दोन्ही शब्द माणसाला मरेपर्यंत सोडत नाहीत.

शाळेत ती अशी मुळीच नव्हती. वर्गात ती आहे हे हजेरी घेतानाच कळायचं. पण तिची एक सवय मात्र माझ्या चांगली लक्षात आहे. ऐकताना ती मान उजवीकडे कलती करायची आणि ऐकून होईपर्यंत ती सरळ करायची नाही. वर्गातल्या शेगडीच्या नळीला कान लावून उभी राहायची. मी विचारायची, "काय ऐकतेस?" तर म्हणायची, "आग आत येतेय की नुसतीच आवाज करतेय, ते." थंडी वाजत असलेली बाकीची मुलं तिच्यावर ओरडायची, कारण ती शेगडीसमोरची सगळी ऊब अडवून उभी असायची.

पुढं ती नर्स झाली, जापारकुलच्या घरात सून म्हणून गेली आणि मग राजधानीत, बिश्केकला जाऊन डॉप्लरचं यंत्र चालवायला शिकून आली. ते यंत्र म्हणजे रेडिओएवढी एक पेटी, तिला वायर, वायरच्या टोकाला पेन्सिल. कातडीवर थंडगार जेली लावायची, पेन्सिल तिरकी टेकवायची, की आतल्या धमनीतून वाहणारं रक्त पेटीतून बोलू लागतं. दरवर्षी उन्हाळ्यात, सगळी जनावरं वरच्या कुरणांत गेली, की कुमुशायही ती पेटी खोगिराच्या पिशवीत टाकून तंबू-तंबूंतून फिरते. पाय गार पडतात, चालताना पोटऱ्या दुखतात, अशी म्हातारी माणसं तिकडं पुष्कळ. हाताचा दाब घ्यायचा, घोट्याचा घ्यायचा, दोन्हींची तुलना करायची आणि पायापर्यंत रक्त पुरेसं पोचतंय का ते सांगायचं, हे तिचं काम.

सुरुवातीला बायका घाबरत. एका आजीनं स्वतःच्या पायातलं रक्त पहिल्यांदा ऐकलं आणि डोळे मिटून घेतले. "हे माझं?" कुमुशाय म्हणाली, "तुमचंच." आजी म्हणाली, "बरं झालं बाई. मला वाटलं, नवरा घोरतोय." ही गोष्ट ती पेटीच्याही आधी पुढच्या तंबूत पोचली, आणि तेव्हापासून लोक तिची वाट पाहू लागले.

जापारकुल तिचे सासरे. जापारकुल आणि मी एका बाकावर बसून शिकलो, म्हणून मी त्याला अरेतुरे करते. इतर कुणाची छाती नाही. उंच, लालबुंद, मोठ्या आवाजाचा माणूस. खोऱ्यातल्या गवताच्या रानांना पाटाचं पाणी सोडायचं काम त्यानं जन्मभर केलं, आणि उलाक खेळण्यात त्याच्या तोडीचा घोडेस्वार नव्हता. उलाक म्हणजे मेलेला बोकड जमिनीवरून उचलून, शेकडो घोड्यांच्या रेट्यातून पळवून न्यायचा खेळ. वय झालं तरी त्याला कुणी 'आता बसून बघा' म्हटलेलं खपत नसे. मागं एकदा कुणीतरी तसं म्हणालं होतं. तो माणूस अजून आमच्या गावात चहाला थांबत नाही.

सून म्हणून कुमुशाय या माणसासमोर जशी वागायला हवी तशी वागे. डोक्यावर रुमाल, नजर खाली, पाठ दाखवायची नाही, मोठ्यानं हसायचं नाही, आणि सासऱ्यांचं नाव तर ओठांवर आणायचंच नाही. ती त्यांना 'अता' म्हणे, म्हणजे बाबा, आणि तेही इतक्या हळू की त्यांना निम्म्या वेळा ऐकू जात नसे.

त्या दिवशी कुमुशायच्या मुलाचा, एर्नाजचा, पायदोरी कापायचा समारंभ होता. मूल पहिली पावलं टाकू लागलं, की त्याच्या दोन्ही पायांना काळा-पांढरा दोर बांधतात, मग मुलांची धावण्याची शर्यत लावतात, आणि जे पहिलं येईल ते तो दोर कापतं. म्हणजे मूल पुढं आयुष्यात अडखळत नाही. कुरणावर गोल तंबू उभे राहिले होते, कुमिसच्या चरव्या भरलेल्या होत्या, कढयांतून वाफा निघत होत्या, आणि घोडीचं ते आंबवलेलं, चढणारं दूध सकाळपासून पोटात गेल्यामुळं सगळे पाहुणे थोडे थोडे जमिनीपासून वर चालत होते. एर्नाजचा दोर एका नकट्या, दात पडलेल्या मुलीनं कापला. एर्नाज दोन पावलं चालला, तिसऱ्याला धपकन बसला, आणि तेवढ्यावर तोफ सुटल्यासारखा जल्लोष झाला.

कुमुशाय शेजारच्या कुरणावरून फेरी संपवून थेट समारंभाला आली होती, त्यामुळं पेटी तिच्याबरोबरच होती. घरच्या बायकांना ती दिसली. झालं.

"ए, माझं लाव गं जरा!"

"आधी माझं! मला कालपासून गुडघ्यात काहीतरी बोलतंय."

"गुडघ्यात रक्त नाही बोलत काकू, हाडं बोलतात."

"मग हाडांचं ऐकव!"

या गोंधळात तोलोमुश आला. तोलोमुश आमच्या खोऱ्याचा पुकाऱ्या. कुठलाही समारंभ असो, घोड्यांची शर्यत असो, हातात बिनवायरचा माईक घेऊन तो बोलत असतो, आणि पाहुणे गेल्यावरही थोडा वेळ बोलतच असतो. त्यानं एका काकूंच्या पायातली टपटप ऐकली आणि त्याचे डोळे चमकले.

"अरे, हा तर घोडा दौडतोय!"

दुसऱ्या क्षणी त्यानं स्वतःच्या कमरेचा रुमाल सोडला आणि माईक पेटीला करकचून बांधला. खांबांवर लावलेल्या कर्ण्यांतून काकूंचं रक्त साऱ्या कुरणावर दौडू लागलं. मेंढ्यांनी माना वर केल्या. काकू लाजून लाजून गोल झाल्या.

"पाहुणेहो!" तोलोमुशला आता माईकची गरजच नव्हती. "शर्यत! कुणाचं रक्त सगळ्यांत जोरात धावतं? जिंकणाऱ्याला चापान, आणि उलाकमधली पहिली उचल!"

चापान म्हणजे वेलबुट्टीचा लांब अंगरखा, मानाची वस्तू. आणि बोकड पहिल्यांदा उचलण्याचा मान तर त्याहून मोठा. कुमुशाय म्हणत राहिली, "अहो, असं नसतं. याच्यात जिंकणं-हरणं नसतं हो." पण तिचं कोण ऐकतं? उलाकसाठी जमलेले घोडेस्वार कधीच रांग लावून उभे होते. फक्त पंचाईत एक झाली. पायावर पेन्सिल टेकवायची तर बूट काढायला हवेत. आणि उलाकचे घट्ट बूट एकदा चढवले, की दोघांनी ओढल्याशिवाय निघत नाहीत.

"मग मानेला लाव!" कुणीतरी ओरडलं.

आणि खरोखर, एकेक बाप्या खोगिरावरून खाली वाकला, टोपी मागं सारली आणि कुमुशायपुढं मान केली. आमच्या खोऱ्यातल्या पुरुषांनी बाईपुढं मान वाकवलेली मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि तीही रांगेनं. कर्ण्यांतून एकामागून एक रक्त दौडत होतं, फूश्श-फूश्श, फूश्श-फूश्श, आणि तोलोमुश प्रत्येकावर घोड्याच्या शर्यतीचं वर्णन लावत होता. "हा काय, दुडकी चाल! हा गाभण घोडीसारखा! वा, हा तरुण, हा जोरात निघालाय... अरे, हा तर झोपला!" बायका पोट धरून हसत होत्या. कुणाच्या तरी हातातलं ताट उलटलं आणि कुत्र्यांचाही समारंभ झाला.

मग रांगेच्या शेवटी करड्या घोड्यावर जापारकुल दिसला.

कुमुशायनं पेन्सिल खाली घेतली. "अता, तुम्ही राहू द्या."

"का? माझ्यात रक्त नाही?"

"तसं नाही..."

"सुनेनं सासऱ्याच्या मानेला शिवू नये म्हणून?" जापारकुल गडगडला. "सून तंबूत. इथं तू डॉक्टर. लाव!" आणि तो वाकला.

तिनं जेली लावली. आधी डावी बाजू. फूश्श-फूश्श, चांगलं भरदार. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग उजवी.

सीऽऽऽ! सीऽऽऽ! सीऽऽऽ!

किटलीला उकळी फुटावी तसा तो आवाज. बारीक, चढा, धारदार. कर्णे थरथरले, करड्या घोड्यानं कान टवकारले. आणि मग असा काही गदारोळ उठला की विचारू नका. टोप्या हवेत गेल्या. "हे घोडं नाही, ही घार आहे!" तोलोमुश नाचतच सुटला होता. "या वयात! बघा पोरांनो, लाज वाटू द्या! जिंकले, आमचे अक्साकाल, आमचे पांढऱ्या दाढीचे वडीलधारे जिंकले!" जापारकुलच्या अंगावर चापान चढला. तो खोगिरात सरळ बसला, छाती पुढं काढून, आणि त्याचे गाल इतके लाल झाले की मला वाटलं, यांच्यावर आता चहा ठेवावा.

सगळे हसत होते. फक्त कुमुशायची मान उजवीकडे कललेली होती आणि ती सरळ होत नव्हती.

ती माझ्याकडे आली. पेटी गळ्यात अडकवलेली, पेटीचा कर्णा बंद केलेला. खांबांवरच्या कर्ण्यांतून तेव्हा गाणी गर्जत होती. "एजे," ती म्हणाली, "ती शिट्टी चांगली नाही. मेंदूकडं जाणारी धमनी उजवीकडं चिंचोळी झालीय. फार. रक्त फटीतून घुसतंय म्हणून ओरडतंय."

"म्हणजे?"

"तिथून एखादा कण सुटला, तर अर्धं अंग जाईल. बोलणं जाईल. किंवा तेच जातील." तिनं मैदानाकडं पाहिलं. बोकड मध्ये आणून टाकला होता, घोडे गोळा होत होते. "आणि ते आता त्या गर्दीत घुसणार."

तिची सासू बुरुलसुन शेजारीच बोरसोक वेचत होती. ती हळूच म्हणाली, "परवा त्याच्या डाव्या हातातून लगाम गळून पडला. थोडा वेळ हात हलेचना. मग आला ताळ्यावर. मला म्हणाला, बोललीस कुठं तर बघ."

कुमुशाय सासूकडं वळली; तिला ती 'आपा' म्हणे. "उजवी बाजू बिघडली की डावा हात जातो, आपा. हा इशारा होता."

"एसेन्तुरला सांग ना," मी म्हणाले. एसेन्तुर तिचा नवरा. तो तिथंच होता, एर्नाजला खांद्यावर घेऊन. त्यानं सगळं ऐकलं होतं. "मी वडिलांना सगळ्यांसमोर घोड्यावरून उतर म्हणू?" तो म्हणाला. "उद्या... उद्या सकाळी घरी सांगतो."

"उद्या नको," कुमुशाय म्हणाली, आणि निघाली.

निघाली म्हणजे धावत सुटली. रुमाल मागं घसरला, पेटी छातीवर आपटत होती. घोडेस्वारांची रांग सुटायच्या बेतात होती, कर्ण्यांवरची गाणी थांबली होती. ती थेट करड्या घोड्यासमोर जाऊन उभी राहिली, तिनं लगाम धरला आणि वाकली. सून मोठ्यांना वाकते तशी, खाली, तीनदा.

"बघा!" तोलोमुश गहिवरला. "सून सासऱ्यांना मानानं उतरवून घ्यायला आली! काय हे वळण!"

सुनेनं वाकून नमस्कार केला की मोठ्यांनी आशीर्वाद द्यायलाच हवा. नाही दिला तर ते घराला लागतं. जापारकुलला इलाज नव्हता. "सुखी राहा, मुलाबाळांची हो, चूल पेटती राहो," त्यानं भराभरा म्हटलं. "आता बाजूला हो!"

लोक हसले. कुमुशायनं लगाम सोडला नाही. ती त्याच्या गुडघ्याजवळ सरकली आणि कुजबुजली, "अता, उतरा. तुम्ही जिंकला नाहीत."

*तुम्ही जिंकला नाहीत*, खांबांवरचे सगळे कर्णे म्हणाले.

माईक! पेटीला बांधलेला माईक तसाच राहिला होता. तिनं पेटीचा कर्णा बंद केला होता, पण तोलोमुशचा माईक बंद करायचं कुणाला सुचणार? तिनं दचकून खाली पाहिलं, सासऱ्यांकडं पाहिलं, आणि रुमालाची गाठ सोडू लागली. ती करकचून बसलेली. सुटेना.

"काय म्हणालीस?" जापारकुलचा आवाज कर्ण्यांतून दोनदा आला.

आता लपवण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. तिनं गाठ सोडून दिली. "पाट रुंद असतो तिथं पाणी गप्प वाहतं, अता. तुम्हालाच माहीत. पाटात दगड अडकला, वाट अरुंद झाली, की पाणी ओरडतं. तुमच्या मानेत दगड अडकलाय."

साऱ्या कुरणावर फक्त घोड्यांच्या शेपट्या हलत होत्या. तेवढ्यात बुरुलसुनचा आवाज आला, माईकशिवाय, आणि तरी सगळ्यांना पुरेसा. "उथळ पाण्याला खळखळाट फार! लग्न झाल्यापासून सांगतेय मी!"

हसू फुटलं. जापारकुल मात्र हसला नाही. "मी उतरणार नाही. तू माझी अब्रू घालवतेस."

"परवा डाव्या हातातून लगाम सुटला होता, अता. तेव्हा काय झालं होतं?"

त्यानं गर्रकन बायकोकडं पाहिलं. "तू सांगितलंस?"

"सांगितलं," बुरुलसुन म्हणाली. "आणि आता सगळ्या खोऱ्याला सांगितलं. बघ काय करतोस ते."

मी त्याला लहानपणापासून ओळखते. वर्गात उत्तर येत नसलं की तो बाकाच्या कडेला अंगठा घासायचा. आता तो खोगिराच्या कडेला अंगठा घासत होता. घोडेस्वार पोरं नजर चुकवून आपल्या घोड्यांच्या आयाळी नीट करू लागली होती. तोलोमुशसुद्धा गप्प होता, आणि हे आमच्या खोऱ्यात पुन्हा कधी घडेल असं मला वाटत नाही.

"हात आत्ता ठीक आहे," जापारकुल शेवटी म्हणाला. त्यात भांडण उरलं नव्हतं.

"म्हणूनच आज जायचं," कुमुशाय म्हणाली. "ठीक आहे तोवर. मी येते बरोबर."

त्यानं तिच्याकडं पाहिलं. तिनंही नजर खाली घातली नाही. मला वाटतं, त्या क्षणी ती ते विसरूनच गेली होती. मग त्यानं पाय रिकिबीतून काढला. "सून मानानं उतरवून घेतेय म्हणून उतरतो," तो मोठ्यानं म्हणाला, माईकमध्ये नीट वाकून. "घाबरून नाही. सगळ्यांनी ऐकलं?"

"ऐकलं!" सगळं कुरण ओरडलं.

तिनं लगाम धरला, तो उतरला. टाळ्या वाजल्या, आणि मग कशा कोण जाणे थांबल्याच नाहीत. जापारकुलनं घोडा एसेन्तुरच्या हाती दिला. "जा, पहिली उचल तू कर. पडलास तर घरी येऊ नकोस." एसेन्तुरनं एर्नाजला माझ्या मांडीवर टाकलं आणि घोड्यावर उडी मारली. तो पडला नाही, पण उचललेला बोकड त्यानं उलट्या दिशेला नेला. त्याबद्दल त्याला अजून ऐकून घ्यावं लागतं.

त्याच दुपारी एका पाहुण्याच्या गाडीतून जापारकुल बिश्केकला निघाला. चापान काढायला तो तयार नव्हता. मांडीवर बोरसोकची पिशवी, पुढच्या सीटवर कुमुशाय, मागं बुरुलसुन, आणि खिडकीतून तो प्रत्येकाला सांगत होता, "चार दिवसांत परत येतो. माझ्या जागी कुणी पाणी सोडलं तर याद राखा!" तिथल्या डॉक्टरांनी मोठ्या यंत्रावर पाहिलं आणि सांगितलं, धमनी जवळजवळ बंद आहे, आणखी थांबला असता तर... पुढचं वाक्य बुरुलसुननं त्यांना पूर्ण करू दिलं नाही. मानेला चीर देऊन आतला जमलेला थर काढला. आमच्याकडं सगळं समजायला वेळ लागला नाही, कारण तोलोमुश रोज फोन करत होता आणि ऐकलेलं पुकारत होता.

चार दिवसांचे बरेच आठवडे झाले. तो परतला तेव्हा गवताची कापणी सुरू होती. गळ्याच्या उजव्या बाजूला लांब गुलाबी रेघ, चेहरा थोडा उतरलेला, आवाज मात्र पहिल्यासारखाच. दोन्ही हात सारखे चालत होते. मी भेटायला गेले तेव्हा तंबूत बसायला जागा नव्हती. सगळ्यांना ती रेघ बघायची होती.

"लाव गं ते यंत्र," त्यानं सुनेला फर्मान सोडलं. "ऐकू देत यांना."

कुमुशायनं रेघेपासून जरा दूर पेन्सिल टेकवली. फूश्श-फूश्श. फूश्श-फूश्श. हळू, मऊ, रुंद.

जापारकुलनं वाट पाहिली. "जोरात कर."

"एवढंच असतं, अता."

"एवढंच?" त्यानं भुवया चढवल्या. "हे तर त्या काकूंच्या पायासारखं झालं. म्हणजे मी हरलो!"

कुमुशाय हसली. तोंडावर हात न ठेवता, मान मागं टाकून, मोठ्यानं, सासऱ्यांच्या समोर. बुरुलसुननं तिच्याकडं पाहिलं आणि चहाचा पेला पुढं केला. जापारकुलनं सगळ्यांकडं आळीपाळीनं बघितलं, कुणाच्या चेहऱ्यावर दया दिसते का ते तपासून घेतलं, आणि मग स्वतःची डावी बाजू पुढं केली.

"इकडं लाव. इकडं तरी काही आहे का बघू."